वरचा दगड

सुगी आठ दिवसांवर आली असताना टाकीवाल्याच्या डोळ्यात पोलादाची कपची गेली.

तो ओरडला नाही. हातातला हातोडा त्याने आधी जागेवर ठेवला, छिन्नी त्याच्या शेजारी ठेवली आणि मग घरात हाक मारली, "धाकटे, जरा बाहेर ये. मला उजवीकडचं काही दिसत नाहीये."

धाकटी ओल्या हातांनीच बाहेर आली. बापाच्या गालावरून रक्ताचा ओघळ उतरत होता आणि घाम पुसावा तसा तो बाहीने पुसत होता. डावा डोळा तीन वर्षांपूर्वीच पडदा येऊन गढूळ झाला होता. घराचा कारभार एका उजव्या डोळ्यावर चालला होता, आणि तोच आता मिटला होता.

शहरातल्या डॉक्टरने कपची काढली, पट्टी बांधली आणि बजावलं, "तीन आठवडे धूळ नको, ऊन नको, खाली वाकणं नको. दर तीन तासांनी थेंब घाला. पुढचं पुढे बघू." पुढे काय बघायचं ते त्याने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

टाकीवाला म्हणजे गिरणीच्या दगडांना टाकी लावणारा. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग ते धान्य कापत नाहीत, नुसतं रगडतात. अशा वेळी वरचा दगड उचलून उताणा ठेवायचा, दोन्ही दगडांतले चर छिन्नीने खोल करायचे, चरांच्या मधल्या माथ्यांवर बारीक खडबड उठवायची. आसपासच्या चार गिरण्यांचं हे काम त्याच्या घराकडे होतं. त्याच्या बापाकडेही होतं.

बाहेरच्या लोकांना एवढंच ठाऊक होतं. घरातल्या चौघांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. डावा डोळा गेल्यापासून बारीक काम बापाच्याने होत नव्हतं. तेव्हापासून दगडांना टाकी धाकटी लावत होती. गिरणी उघडण्याआधी, उजाडता उजाडता तिघं जायचे. दार आतून ओढून घ्यायचं. बाप दगडाशेजारी बसून हात फिरवून सांगायचा, धाकटी घाव घालायची आणि दादा दाराबाहेर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायचा. सूर्य वर आला की दादा आत यायचा, अंगावर दगडाची भुकटी उडवून घ्यायचा आणि घाम पुसत बाहेर पडायचा. लोक म्हणायचे, "टाकीवाल्याचा मुलगा बापाच्या वर जाणार." आणि दादा हसायचा. हसायला त्याचं तोंड छान होतं.

डोळा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मोठ्या गिरणीतून निरोप आला. वरच्या दगडाला आरपार तडा गेलाय. नवा दगड ट्रकमधून उतरवून घेतलाय, पण तो कोरा आहे. सुगीचं धान्य यायच्या आत तो घडून हवा.

बाप खाटेवर उताणा पडून होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

"धाकटी करेल," दादा म्हणाला.

"नाही. तू करशील."

"मी?"

"जुन्या दगडाला टाकी लावणं अर्ध्या दिवसाचं काम. दार ओढून होतं. कोरा दगड अंगणात ठेवून चार दिवस घडावा लागतो. चार दिवस सगळं गाव बघणार."

"बघू दे की," धाकटी म्हणाली. ती थेंबांच्या बाटलीचं झाकण लावत होती. "दगड घडताना बघितला तर काय नजर लागणार आहे त्याला?"

"तुझं तोंड फार चालायला लागलंय," आई चुलीपाशी बसून म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांना कळलं की टाकीवाल्याचं घर मुलीच्या हातावर चाललंय, तर उद्या मुलगी गेली की काम गेलं, असंच म्हणतील ना? तुझ्या दादाने मग काय करायचं? वाऱ्यावर वराती काढायच्या?"

"मुलगी कुठे चाललीय?"

"कुठे ना कुठे जाणारच की. मुली काय खुंट्याला बांधून ठेवायच्या असतात?"

यावर धाकटीकडे उत्तर होतं, पण बापाने हात वर केला. "आखणी तू करून दे," तो म्हणाला. "तेवढं पहाटे जाऊन ये. कापड घेऊन जा."

आखणीची रीत या घराची होती. खालच्या दगडावर पातळ ओलं कापड ताणून पसरायचं आणि त्यावर कोळसा घासायचा. चर कापडावर उमटतात. मग ते कापड कोळशाची बाजू वर ठेवून नव्या दगडावर अंथरायचं आणि प्रत्येक रेघेवरून खिळ्याने टोचत टोचत खाली खुणा पाडायच्या. कंटाळवाणं काम. एक सकाळ जाते, पाठ मोडते. पण दोन्ही दगड उताणे ठेवले की दोघांवरचे चर एकाच बाजूला वळलेले दिसले पाहिजेत, हे त्या रीतीने न चुकता साधतं. मग वरचा दगड पालथा घातला की चर एकमेकांवरून कात्रीच्या पात्यांसारखे जातात आणि दाणा कापला जातो.

धाकटी पहाटे जाऊन कापड घेऊन आली. दादाच्या हातात देताना म्हणाली, "काळी बाजू वर. आणि टोच, घाई करू नकोस."

"बरं गं आजीबाई," दादा म्हणाला.

चार दिवस धाकटी घरात राहिली. दर तीन तासांनी बापाची पट्टी सोडायची, पापणी अंगठ्याने वर धरायची, थेंब टाकायचा. बाप तोंड घट्ट मिटून पडायचा. त्याची पापणी तिच्या अंगठ्याखाली पाखरासारखी फडफडायची, आणि एवढ्या राकट माणसाचं हे एवढंसं काहीतरी आपल्या बोटाखाली आहे याची तिला दर वेळी भीती वाटायची.

"आज किती झालं असेल?" बाप विचारायचा.

"माथे सपाट केले असतील."

"तू असतीस तर?"

"तर चर सुरू केले असते."

बाप हसल्यासारखं करायचा. सहा वर्षांची असताना तिने त्याची मोडकी छिन्नी घेऊन उंबऱ्यावर रेघा ओढल्या होत्या. आईने तिला धोपटलं होतं. बापाने मात्र रेघांवरून बोट फिरवलं होतं आणि म्हटलं होतं, "सरळ आहेत की गं." त्याने नंतर कधी तिचं कौतुक केलं नाही. पण पुढच्याच महिन्यात तिच्या हाताखाली दगडाचा एक तुकडा ठेवला होता.

दादा संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या तळहातांना फोड आलेले असायचे. धाकटी ते धुऊन फडकं बांधायची. पहिल्या दिवशी तो खूप बोलला. माणसं कशी जमली, भोंगा म्हणाला काय, कोण हसलं. भोंगा म्हणजे गिरणीशेजारी राहणारा एक रिकामटेकडा, कुजबुजला तरी दोन घरं ऐकू जाणारा. चौथ्या दिवशी दादा नुसता जेवला आणि आडवा झाला.

पाचव्या दिवशी दुपारी गिरणीवाली स्वतः आली.

पन्नाशीची, उंच, पांढऱ्या भुवयांची बाई. भुवया वयाने पांढऱ्या होत्या की पिठाने, ते कुणाला सांगता आलं नसतं. नवरा गेल्यावर गिरणी तिनेच चालवली होती. ती उंबऱ्यात थांबली नाही, सरळ खाटेपाशी आली. हातातली फडक्याची पुरचुंडी सोडली.

"टाकीवाले, हात पुढे करा."

बापाने हात पुढे केला. तिने त्यावर मूठभर पीठ ओतलं. बाप दचकला.

"तापलंय," तो म्हणाला.

"वास घ्या."

त्याने हात नाकाशी नेला. पिठाला करपल्याचा वास होता. अर्धे दाणे नुसते चेपले गेले होते, कोंड्याला चिकटून गोळे झाले होते.

"सकाळपासून दोन पोती खराब झाली. पट्ट्याचा धूर निघायला लागला म्हणून मी मोटर बंद केली. अंगणात गाड्या लागल्यात. आजवर तुमच्या घराने माझा दगड बिघडवला नव्हता, म्हणून ओरडत नाहीये. काय झालं ते सांगा."

बाप बोटांनी ते गोळे चुरडत राहिला. त्याला कळलं होतं. धाकटीलाही कळलं होतं. चर कात्रीसारखे जात नव्हते, एकावर एक पडत होते. वरचा दगड उलटा घडला होता.

ती दादाकडे बघत होती. दादा भिंतीला टेकून उभा होता, आणि तो गिरणीवालीकडे बघत म्हणाला, "आखणी हिची होती. मी काय, कापडावर होतं तसं कोरलं."

आईने भांडं उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

"हिची?" गिरणीवालीने धाकटीकडे पाहिलं. "हिला का आखायला लावलंत?"

"हौस," आई घाईघाईने म्हणाली. "लुडबुड करते मधेमधे. आम्ही म्हटलं करू दे."

धाकटीने तोंड उघडलं. बापाने खाटेवरून हात लांब करून तिचं मनगट पकडलं. आंधळ्याने पकडावं तसं नाही, नेमकं.

"उद्या सकाळी माणूस येईल, बाई," तो म्हणाला. "दगड आम्ही दुरुस्त करून देऊ."

"दहापर्यंत वाट बघते. नाहीतर दुसरा माणूस बोलावते. आणि मग बाकीच्या तीन गिरण्याही त्यालाच बोलावतील, हे तुम्हाला मी सांगायला नको." तिने पुरचुंडी तिथेच टाकली आणि ती गेली.

धाकटीने मनगट सोडवून घेतलं.

"कापड बरोबर होतं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," बाप म्हणाला.

"काळी बाजू वर ठेव म्हणून मी सांगितलं होतं."

"मला माहीत आहे म्हटलं ना." बापाने पट्टी सारखी केली. "ऐक. उद्या दोघं जा. दगड पुन्हा तासायचा, नव्याने चर पाडायचे. तू सांग, तो करेल. आणि कुणी विचारलं तर आखणीत तुझी चूक झाली म्हणून सांग."

"मी सांगू?"

"तुझं काय जातंय? मुलीचं चुकलं तर लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. त्याचं चुकलं तर घर उठलं."

"म्हणजे तीन वर्षं माझं काम त्याचं होतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि आता त्याची चूक माझी."

"तुझंमाझं काय करतेस?" आई म्हणाली. "एका ताटात जेवता ना? बापाचा डोळा बघ आणि मग हिशेब मांड."

हे मात्र बरोबर बसलं. धाकटी बापाच्या पट्टीकडे पाहत राहिली. पट्टीखालून गालावर पिवळट पाणी उतरलं होतं. थेंबांची वेळ झाली होती. तिने बाटली घेतली, पट्टी सोडली, थेंब टाकला, पट्टी बांधली. मग घागर उचलून विहिरीवर गेली.

दादा मागोमाग आला. विहिरीच्या कठड्यावर लांब बसला.

"टोचलंस का नाही?" तिने विचारलं.

"सगळे बघत होते गं. तास झाला तरी मी टोचतोच आहे. भोंगा ओरडला, 'काय रे, गोधडी शिवतोस का दगडाची?' सगळे हसले. मग मी कापड पालथं घातलं, वरून हाताने थापटलं. क्षणात सगळा छाप उठला. इतका स्वच्छ! लोक वा म्हणाले." तो थांबला. "छाप उलटा उठतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि कधी आलं?"

"आज सकाळी पीठ बघितल्यावर आलं."

"आणि माझं नाव घेतलंस."

दादाने तळहात उलटसुलट करून पाहिले. फडकी सुटली होती. "मला हे काम नकोच होतं. बाबांच्या डोळ्यात गेली ना कपची, तेव्हापासून घाव घालताना मी डोळे मिटतो. डोळे मिटून टाकी लावतो मी, बोल आता! पण या घरात मुलाला नको म्हणायची सोय आहे का?"

"आणि मला हवं म्हणायची?"

तिने घागर भरली, कमरेवर घेतली. दोन पावलं गेल्यावर तो मागून म्हणाला, "उद्या काय सांगणारेस?"

"उद्या ऐक," ती म्हणाली.

सकाळी नवाला गिरणीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पोत्यांवर माणसं बसली होती, बायका पाट्या उपड्या घालून त्यांवर. मोटर बंद म्हणून सगळ्यांचे आवाज मोठे वाटत होते. मध्यभागी दोन लाकडी ओंडक्यांवर वरचा दगड उताणा ठेवला होता. दादा पुढे, धाकटी मागे, तिच्या खांद्याला हत्यारांची पिशवी. पिशवी आजवर दादाच्या खांद्यावर असायची. घरातून निघताना त्याने ती उचललीच नाही.

"आली, आली!" भोंगा ओरडला. "काय गं, दगड म्हणजे काय रांगोळी वाटली का?"

"पोरीच्या हातचा दगड आहे," दुसरा कुणी म्हणाला. "पीठ लाजतंय, बाहेर येत नाही."

हशा पिकला. धाकटीने पिशवी खाली ठेवली आणि दगडापाशी गुडघ्यांवर बसली. चरावरून बोट फिरवलं. दादाने डोळे मिटून घातलेले घाव बोटाला कळत होते, एक खोल, एक उथळ. तिला त्याची कीव आली. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. चार शब्द, हसतील, विसरतील. संध्याकाळी घरी सगळे नीट बोलतील. बाप पापणी ढिली सोडेल. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उजाडता उजाडता यायचं, दार ओढून घ्यायचं.

गिरणीवाली पायरीवर उभी होती. "हं. कुणाचं काय चुकलं?"

धाकटी उठून उभी राहिली.

"आखणी माझी होती," ती म्हणाली. "आखणी बरोबर होती. छाप उलटा मारला गेला. हा दगड माझा नाही."

दादाने मान खाली घातली.

"तीन वर्षं या गिरणीला टाकी मी लावतेय. बाकीच्या तिन्ही गिरण्यांनाही. दार बंद असायचं तेव्हा आत मी असायचे. दादा पायरीवर असायचा. तुम्हीच त्याच्याशी बोलत बसायचात, भोंगाकाका, त्या आवाजात मला माझ्या घावाचा आवाज ऐकू यायचा नाही."

आता हशा पिकला तो दुसरीकडून. एक म्हातारी तोंडाला पदर लावून खिंकाळल्यासारखी हसली. भोंग्याने आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं.

"खरं?" गिरणीवालीने दादाला विचारलं.

दादाने मान वर न करता होकार दिला. मग कसंबसं म्हणाला, "आणि छाप मी मारला. मी."

गिरणीवाली पायऱ्या उतरली. तिने धाकटीचा डावा हात धरला आणि उजेडात पालथा केला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडीखाली बारीक निळे-काळे ठिपके होते. छिन्नीची उडालेली पोलादाची भुकटी वर्षानुवर्षं कातडीत शिरून बसली की असे ठिपके होतात. ते जात नाहीत.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," ती म्हणाली. "पण मीही आंधळीच म्हणायची. किती दिवस लागतील?"

"सगळे चर तासून काढायचे, मग नवे पाडायचे. तीन."

"तोवर ही माणसं?"

"दुसऱ्या गिरणीवर जातील, नाहीतर थांबतील. तीन दिवसांच्या आत करते म्हणणारा दगड पुन्हा बिघडवेल. आणि दार लावायचं नाही. इथेच, अंगणात."

पहिला दिवस नुसता तासण्यात गेला. ऊन डोक्यावर आलं की दगड तव्यासारखा तापायचा, गुडघ्याखाली पोतं घालावं लागायचं. भुकटी घामात मिसळून मानेवर चिखल व्हायचा. डोळ्यांना तिने पातळ फडकं बांधलं होतं, त्यातून अंधूक दिसायचं, पण दिसायचं. माणसं आली, बघून गेली. काहींनी टोमणे मारले. एका बाईने पाणी आणून ठेवलं आणि तिथेच बसून राहिली. "चालू दे," ती म्हणाली, "मला घाई नाही." दादा दर थोड्या वेळाने भुकटी झाडायचा, दगड फिरवायला पहार लावायचा. दोघं कामापुरतं बोलत होती.

थेंबांच्या वेळा चुकत होत्या. दर तीन तासांनी धाकटीचा हात आपोआप थांबायचा. आईचे हात जाड, घाबरट. आईला पापणी धरता येत नसे. हे आठवलं की धाकटीचा पुढचा घाव उथळ जायचा. मग ती तो पुन्हा घालायची. संध्याकाळी घरी गेली तेव्हा बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"थेंब घालते," ती म्हणाली.

"घातले तुझ्या आईने."

बाटली सकाळी होती तेवढीच भरलेली होती. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि त्याला तसं सांगितलं. तो वळला नाही. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेली, भिंत आणि खाट यांच्या फटीत कशीबशी बसली, आणि थेंब घातले. त्याने पापणी घट्ट आवळून धरली होती. तिने ती अंगठ्याने उघडली.

दुसऱ्या दिवशी तिने काळी बाजू वर ठेवून कापड अंथरलं आणि सकाळभर टोचत बसली. कुणी गोधडीचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई डबा घेऊन आली. अंगणाच्या कडेला उभी राहून बराच वेळ बघत होती. तिने मुलीला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. कधी डबा द्यायला गेली तेव्हा आवाज ऐकला होता, दाराआडून. घावांचा ठेका, मध्येच थांबून फुंकर, पुन्हा ठेका.

"पाठ दुखत नाही का गं?" तिने डबा ठेवत विचारलं.

"दुखते."

"मग?"

"मग काय! तुझी दुखत नाही का?"

आई पदराने तिच्या मानेवरची भुकटी पुसायला गेली, ती आणखी पसरली. "बाप येतोय," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरने नको म्हटलंय. ऐकेल तर शपथ."

बाप आला. पट्टी बांधलेला, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. तो बरोबर दगडापाशी थांबला, कुणी सांगितलं नाही तरी. गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळवे दगडावर ठेवले. मग बोटं चरांवरून फिरू लागली, मधून कडेला, पुन्हा मध्ये. सगळा दगड त्याने असा फिरून वाचला. मग एका जागी बोट थांबलं.

"इथे खोल गेलीय."

"हो," धाकटी म्हणाली.

"घाई केलीस."

"हो. काल दुपारी. थेंबांची वेळ झाली होती."

बापाचं बोट तिथेच राहिलं. मग त्याने मान हलवली. "पालथा घाला," तो म्हणाला.

पहारी लागल्या, दगड उचलला, बसला. मोटर सुरू झाली. पट्ट्याने पकड घेतली. पहिलं पीठ आलं तेव्हा गिरणीवालीने ते ओंजळीत घेतलं, गालाला लावलं आणि बापाच्या हातावर ठेवलं. पीठ थंड होतं. त्याने चिमटीत घेऊन चोळलं.

"आता एक सांगा, टाकीवाले," गिरणीवाली मोटरच्या आवाजावर ओरडून म्हणाली. "पुढच्या वेळी निरोप कुणाच्या नावाने पाठवू? खालचा गिरणीवालाही विचारतोय. सोमवारी त्याला टाकी लावून हवीय."

सगळे बापाकडे बघत होते. धाकटीही. त्याच्या ओठांच्या कडेला पीठ लागलं होतं.

"घराकडे पाठवा," तो म्हणाला. "घराचं काम आहे."

"घराचं नाही," धाकटी म्हणाली. "माझं आहे. माझ्या नावाने पाठवा, मी येईन. घराकडे पाठवलात तर येणार नाही. मग दादा येईल, डोळे मिटून."

"बापाच्या पट्टीदेखत बोलतेस?" आई म्हणाली, पण तिच्या आवाजात धार नव्हती.

"पट्टी रोज मीच बांधते, आई. पुढेही बांधीन. मला घर नाही सोडायचंय. दार ओढून आत बसणं सोडायचंय."

बाप उठला. उठताना त्याचा तोल गेला. दादा आणि धाकटी दोघंही पुढे झाली. त्याने दादाचा हात धरला.

"मग हत्यारं इथे ठेव," तो म्हणाला. "ती माझ्या बापाची आहेत. ती घराची आहेत, हे तर कबूल?"

"कबूल."

तिने हातोडा फडक्याने पुसला. छिन्न्या मोजून एकेक पिशवीत घातल्या, धारा आत करून, त्याने शिकवलं होतं तशा. पिशवी त्याच्या मोकळ्या हातात दिली. त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर जास्त राहिली, की तिला तसं वाटलं, सांगता येत नाही. मग ती अंगणातून बाहेर पडली. मागून गिरणीवालीचा आवाज आला, ती कुणाला तरी सांगत होती, "खालच्याला म्हणावं, सोमवारी टाकीवाली येईल."

लोहाराचा भाता गावाच्या टोकाला होता. लोहार कोयत्याला पाणी देत होता. तिला बघून म्हणाला, "काय गं, बापाच्या छिन्न्यांना धार हवी?"

"नवी जोडी हवी. एक हातोडा, सहा छिन्न्या. रविवारपर्यंत."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

लोहाराने कोयता पाण्यातून काढला. त्याने बहुतेक सगळं ऐकलं असणार, गाव तेवढंच होतं. "बायकांसाठी विळे केलेत मी," तो म्हणाला. "हातोडा नाही केला. दांड्याचं माप कसं घ्यायचं तेही मला माहीत नाही."

"हातावरून घेतात. पुरुषांचं घेता तसंच."

तो हसला. खुंटीवरची सुतळी काढून तिच्यासमोर उभा राहिला. "मूठ कर."

तिने मूठ केली. त्याने सुतळी मुठीभोवती गुंडाळली, पाहिली आणि पुन्हा सोडली.

"अशी नाही. घाव घालताना करतेस तशी."

तिने मूठ आवळली.